लंडनचे गे बार का मिटले: समाजमान्यता, ॲप की भाडेपट्टा?

नकाशावाला (धागाकर्ता)

लंडनचे गे बार बंद पडत गेले, हा विषय मराठीत निघाला की दोन वाक्यांत निकाल लागतो. "आता समाजाने मान्य केलंय, वेगळा बार कशाला हवा?" किंवा "ॲप आलं, बार गेला." दोन्हीत तथ्य आहे. पण दोन्ही वाक्यांत जागेचा मालक कुठेच दिसत नाही. हा धागा त्याच्यासाठी.

आधी आकडे. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या अर्बन लॅबोरेटरीने २०१७ मध्ये मोजदाद जाहीर केली. बार, पब, क्लब मिळून २००६ मध्ये १२५ एलजीबीटी जागा होत्या, २०१७ मध्ये ५३ उरल्या. घट ५८ टक्के. त्याच अहवालात शेजारी ठेवलेले आकडे: ब्रिटनमधले पब २५ टक्क्यांनी घटले (२००१ ते २०१६), लंडनमधल्या छोट्या संगीताच्या जागा ३५ टक्क्यांनी (२००७ ते २०१६), ब्रिटनमधले नाइटक्लब ४४ टक्क्यांनी (२००५ ते २०१५). वर्षं जुळत नाहीत, त्यामुळे वजाबाकी करून "राहिलेले चौदा टक्के समाजमान्यतेचे" असं कुणी काढू नये. दिसतं ते एवढंच की रात्रीचा सगळाच धंदा आटत होता आणि गे जागा त्यात आघाडीवर होत्या. २०१८ ला घसरण थांबली, आकडा ५३ वरच राहिला. समाजमान्यता काही २०१८ ला थांबली नव्हती. मग घसरण का थांबली? त्याचं बरंचसं उत्तर नियोजनाच्या नियमांत सापडतं, त्याकडे येतोच.

मध्य लंडनमधल्या सोहो या वस्तीत हे बार आले कसे, ते आधी. १९८२ च्या कायद्याने सेक्स शॉपना परवाना लावायचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. सोहो ज्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेत येतं तिने तो कडकपणे वापरला. दुकानं उठली, गाळे रिकामे पडले आणि शहराच्या ऐन मध्यात भाडी उतरली. त्या पोकळीत ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट उभी राहिली. कॉम्प्टन्स १९८६ चा, पलीकडे सेंट जाइल्सला फर्स्ट आउट कॅफेही १९८६ चा, व्हिलेज १९९१ चा, बायकांचा कँडी बार १९९६ चा. सरकार त्याच सुमारास, १९८८ मध्ये, कलम २८ आणून नगरपालिकांना समलैंगिकतेचा "प्रचार" करायला बंदी घालत होतं. ते कलम इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकलं. म्हणजे बार वाढले ते कायदा अंगावर येत असताना. पण मध्यवर्ती आणि स्वस्त या दोन गोष्टी एका पत्त्यावर फार वर्षं नांदत नाहीत.

मग क्रॉसरेल, म्हणजे लंडनच्या पोटातून काढलेली नवी रेल्वे. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशन मोठं करायचं म्हणून चेरिंग क्रॉस रोडवरचं ॲस्टोरिया हे संगीताचं सभागृह जानेवारी २००९ मध्ये बंद झालं आणि पाडलं. तिथली जी-ए-वाय ही नाइट (ठरावीक रात्री भरणारी क्लब-पार्टी) त्याआधीच, २००८ मध्ये, चेरिंग क्रॉसच्या कमानींखालच्या हेवन क्लबमध्ये हलली होती. मागच्या गल्लीतला घेट्टो क्लबही २००८ चाच बळी. फर्स्ट आउट २०११ ला गेलं. रेल्वे सुरू झाली मे २०२२ मध्ये. पाडापाडी ते उद्घाटन यात तेरा वर्षं गेली. तोवर आसपासच्या गाळ्यांना पत्रे आणि धूळ होती, आणि नंतर नव्या स्टेशनच्या दराने भाडं.

सक्तीच्या संपादनात भरपाई कुणाला मिळते, हेही बघा. जमिनीत हक्क असलेल्याला. मालकाला पूर्ण, लांब लीज असलेल्या भाडेकरूला बरी, लीजची दोन वर्षं उरलेल्याला किरकोळ. शनिवारची रात्र भाड्याने घेऊन नाइट चालवणाऱ्या आयोजकाला हक्काचं काहीच नाही, कारण त्याच्या नावावर जागाच नाही. आणि क्वीअर रात्री बहुतांश याच पद्धतीने चालत.

दक्षिण लंडनमधल्या व्हॉक्सहॉलची गोष्ट वेगळी. तिथले क्लब रेल्वेच्या कमानींत होते: ओलसर, वर गाड्या, शेजारी राहतं कुणी नाही, म्हणून आवाजाची तक्रार नाही. नंतर नाइन एल्म्सचा पुनर्विकास आला, २०१८ मध्ये अमेरिकी वकिलात तिथे आली, २०२१ मध्ये नॉर्दर्न लाइन लांबवली गेली. नेटवर्क रेल या सरकारी रेल्वे कंपनीने २०१९ मध्ये कमानींतले वगैरे पाच हजारांहून अधिक गाळे १.४६ अब्ज पौंडांना १५० वर्षांच्या लीजवर एका खाजगी कंपनीला दिले. सरकारी रेल्वे स्वस्त भाड्यावर डोळा ठेवून नसे. खाजगी कंपनी ठेवते, त्यासाठीच ती पैसे मोजते.

खडूस_ग्राहक

बिल्डरवर खापर फोडणं सोपं आहे हो. गल्ल्याचा हिशेबही मांडा की.

बारचं भाडं सात दिवसांचं असतं, गर्दी दोन दिवसांची. पूर्वी मंगळवारी संध्याकाळी माणूस एकटा बारमध्ये यायचा, कारण दुसरं कुणी भेटायची दुसरी जागाच नव्हती. गेडार हे गे डेटिंगचं संकेतस्थळ १९९९ ला आलं, ग्राइंडर हे ॲप २००९ ला. शुक्रवार-शनिवार फार हलले नाहीत, पण सोमवार ते गुरुवार रिकामे झाले. भाडं, वीज, परवाना शुल्क, दारावरचे लोक यांचा खर्च मात्र तोच. ज्या बारचा धंदा निव्वळ "भेटणं" यावर होता ते आधी गेले. कॅबरे, ड्रॅग (बाईच्या भडक वेशातला रंगमंचावरचा खेळ), क्विझ असं घरात बसून न मिळणारं काही ज्यांच्याकडे होतं ते टिकले. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर आज कोण उरलंय ते बघा, मग कळेल.

आणि समाजमान्यतेचा परिणाम गिऱ्हाईक कमी होण्यापेक्षा गिऱ्हाईक विखुरण्यात दिसतो. दहा जणांच्या टोळक्यात तिघे गे असले तर ते आता शोरडिचच्या कुठल्याही पबात बसतात. तिघेही पितात, पण पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात जातात.

नकाशावाला

मंगळवारचा मुद्दा मान्य. पण तोच बार कमी भाड्यात तीन दिवसांवरही जगतो. मंगळवार रिकामा झाल्यावर तो मेला की नाही, हे पुढच्या भाडेआढाव्याच्या तारखेवर ठरलं. दोन्ही कारणं एकाच गाळ्यात भेटतात.

तळमजला

एक प्रश्न. आपल्याकडे पागडीचा भाडेकरू असला की मालकाला हलवता येत नाही. तिकडे वीस-वीस वर्षं एकाच जागेत असलेल्या बारला काहीच संरक्षण नाही?

शिलेदार_यूके

आहे, पण त्याला भोकं आहेत.

१९५४ चा लँडलॉर्ड अँड टेनंट कायदा व्यावसायिक भाडेकरूला लीज संपल्यावर नवी लीज मागायचा हक्क देतो. मालकाला नकार द्यायचा तर कायद्यातल्या ठरावीक कारणांपैकी एक दाखवावं लागतं. त्यातलं बिल्डरचं लाडकं कारण म्हणजे (एफ): "मला पाडून बांधायचंय किंवा मोठी दुरुस्ती करायचीय." इरादा खरा आहे हे सिद्ध करावं लागतं, म्हणजे मंजूर नकाशे, पैशांची सोय, कंत्राटदाराशी बोलणी. ते दाखवलं की भाडेकरू बाहेर. नोटीस सहा ते बारा महिने आधीची. भरपाई त्या जागेच्या करपात्र मूल्याइतकी, आणि सलग चौदा वर्षं धंदा केला असेल तर दुप्पट. नवी जागा घेऊन साउंडप्रूफिंग, बार काउंटर, तळघराचं कूलिंग उभं करायला ही रक्कम पुरत नाही.

दुसरं भोक जास्त मोठं. लीज करतानाच हे संरक्षण सोडून देता येतं. मालक ठरावीक नमुन्यात इशारा-नोटीस देतो, भाडेकरू घोषणापत्रावर सही करतो. नोटीस आणि करार यात चौदा दिवस नसतील तर वकिलासमोर शपथेवर. रात्रीच्या जागांच्या छोट्या लीज बऱ्याचदा अशाच असतात. "पुनर्विकासापर्यंत" दिलेली स्वस्त जागा घेतलीत तर ती अशीच मिळते. लीज संपली की मालकाला कारणही द्यावं लागत नाही.

तिसरं, भाड्याचा फेरआढावा साधारण पाच वर्षांनी, आणि बहुतेक करारांत तो फक्त वरच जाऊ शकतो. बाजार पडला तरी भाडं तिथेच. त्यात एप्रिल २०१७ ला इंग्लंडभर व्यावसायिक मालमत्तांचं फेरमूल्यांकन झालं, मध्य लंडनची कराची बिलं चढली.

चौथं, पबवाल्यांनाच कळेल असं. पब मोठ्या कंपनीच्या मालकीचा असेल तर बिअर त्यांच्याकडूनच, त्यांच्या दराने घ्यावी लागते. ५०० किंवा त्याहून जास्त असे पब असलेल्या कंपन्यांवर जुलै २०१६ पासून पब्ज कोड लागू आहे. ठरावीक प्रसंगी भाडेकरू "फक्त बाजारभावाचं भाडं देतो, बिअर कुठूनही घेईन" असं मागू शकतो. ठरावीक प्रसंग म्हणजे भाडेआढावा, नूतनीकरण, बिअरच्या दरात मोठी वाढ. त्यासाठीची मुदत चुकली की पुढच्या प्रसंगाची वाट पाहायची.

तळमजला

आणि दारूचा परवाना? तो तरी बारवाल्याचा असतो ना?

शिलेदार_यूके

परवाना जागेला असतो. त्या पत्त्यासाठी, त्या नकाशासाठी. बार हलला की नवा अर्ज. वेस्टमिन्स्टरने वेस्ट एंडमध्ये "आणखी परवान्यांनी त्रास वाढतो" असं धोरण ठेवलंय, त्यामुळे पहाटे तीनपर्यंतचा नवा परवाना मिळणं जवळपास अशक्य. म्हणून सोहोतला जुना उशिराचा परवाना सोन्याचा.

इथे एक चूक वारंवार होते. परवानाधारक कंपनी दिवाळखोरीत गेली की परवाना आपोआप संपतो. २८ दिवसांच्या आत तो दुसऱ्याच्या नावे वर्ग करायचा किंवा तात्पुरत्या ताब्याची सूचना द्यायची. बार वाचवायला जमलेले लोक पहिले २८ दिवस सह्या गोळा करण्यात घालवतात, आणि मग जागा मिळाली तरी पहाटे तीनचे रात्री अकरा झालेले असतात. पहिल्या आठवड्यात परवान्याचा अर्ज. सह्या नंतर.

भैरवी

सगळी चर्चा पुरुषांच्या बारवर चाललीय. बायकांच्या जागा मुळातच मोजक्या होत्या. कँडी बार जानेवारी २०१४ मध्ये बंद झाला, भाडेवाढ हेच कारण तेव्हा पुढे आलं. त्याच वर्षी शी सोहो उघडला, तळघरात. पुढे बरीच वर्षं अख्ख्या सोहोत फक्त बायकांसाठी म्हणावा असा तेवढाच. ईस्ट लंडनमध्ये ला कामियोनेरा हा बायकांचा बार २०२४ ला सुरू झाला आणि पहिल्याच रात्री रस्त्यावर गर्दी सांडली, तेव्हा "मागणीच नाही" हे पालुपद थोडं थंडावलं.

आपल्या लोकांचं वेगळंच. दक्षिण आशियाई क्वीअर मंडळी सोहोत फारशी रुळली नाहीत. दारावर "तुम्ही नक्की गे आहात ना?" हा प्रश्न सावळ्या माणसाला जास्त विचारला जायचा, ही तक्रार जुनी आहे. त्यांची जागा म्हणजे टफनेल पार्कच्या डोममधली क्लब काली. डीजे रितू आणि रिता यांनी ती १९९५ ला सुरू केली. भांगडा, बॉलिवूड, अरबी गाणी एकत्र. डोम हा भाड्याचा हॉल, नाइट महिन्यातून ठरावीक दिवशी. अशी नाइट कुठल्याच १२५ आणि ५३ मध्ये मावत नाही, कारण मोजणी जागांची आहे. नाइट हॉल बदलून जगू शकते ही तिची ताकद. हॉलवाल्याने एक मेल पाठवून तारीख रद्द केली की संपली, ही तिची अडचण. संपल्याची नोंदही कुणी घेत नाही.

त्यामुळे "ऱ्हास" म्हणताना कुणाचा, ते सांगा. ज्यांच्या नावावर कधी गाळाच नव्हता, त्यांची घट कुठल्या आलेखात दिसणार?

नकाशावाला

भैरवी, हे मूळ लेखात यायला हवं होतं इतकं नेमकं आहे. नियोजनाचा कायदा फक्त इमारत आणि वापर ओळखतो. गर्दी ओळखत नाही.

आता तीन हत्यारं, आणि प्रत्येक कुठे बोथट पडतं ते.

पहिलं, सामुदायिक मूल्याची मालमत्ता. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली. नोंदणीकृत संस्था नसली तरी चालते, फक्त स्थानिक मतदारयादीतले किमान २१ लोक हवेत. अर्जात चार गोष्टी लागतात: जागेची हद्द दाखवणारा नकाशा, मालक आणि भाडेकरूची माहिती, जागेचा सामाजिक वापर काय, आणि तो पुढेही का शक्य आहे. नगरपालिका आठ आठवड्यांत ठरवते. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला विकायचं झालं तर आधी कळवावं लागतं, मग सहा आठवडे थांबावं लागतं. तेवढ्यात एखाद्या सामुदायिक गटाने "आम्हाला बोली लावायचीय" म्हटलं की एकूण सहा महिने.

बोथट कुठे? सहा महिन्यांनंतर मालक कुणालाही, कुठल्याही भावाला विकू शकतो. गटाला प्राधान्य नाही, फक्त वेळ मिळतो. चालू धंद्यासकट विक्री असेल तर थांबणंही नाही. कॅम्डनमधला ब्लॅक कॅप बघा. साठच्या दशकापासून ड्रॅगचा पब, एप्रिल २०१५ ला बंद. नगरपालिकेने त्याला या यादीत घातलं, वरच्या मजल्यांवर फ्लॅटचे बेत अडले, दर शनिवारी लोक दारासमोर जमत राहिले. आणि कुलूप वर्षानुवर्षं तसंच राहिलं. फ्लॅट होऊ न देणं आणि पब चालवणं यात मोठं अंतर आहे. पहिलं नगरपालिका करू शकते, दुसरं फक्त मालक.

दुसरं, वारसा म्हणून नोंद. रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न ही १८६० च्या दशकातली इमारत. विनोदी कलाकार पॉल ओ'ग्रेडी तिथे लिली सॅव्हेज या ड्रॅग पात्राच्या वेशात उभा राहायचा. १९८७ ला पोलिसांनी एड्सच्या भीतीने रबरी हातमोजे घालून धाड घातली, तीही इथेच. २०१४ मध्ये एका ऑस्ट्रियन मालमत्ता कंपनीने ती घेतली. आरव्हीटी फ्यूचर या गटाने अर्ज केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तिला श्रेणी दोनचा दर्जा मिळाला. एलजीबीटी इतिहासासाठी असा दर्जा मिळालेली ब्रिटनमधली ती पहिली इमारत. अर्ज लिहिणाऱ्यांसाठी धडा हा की "आम्हाला ही जागा फार प्रिय आहे" याला अर्जात किंमत नाही. कुठल्या साली काय घडलं, कुठल्या खोलीत, मंच कुठे होता, कुठला भाग मूळचा, याचे पुरावे लागतात. जाहिरातपत्रकं, फोटो, न्यायालयीन कागद, जुने नकाशे.

बोथट कुठे? दर्जा भिंतींना मिळतो. भिंती तशाच ठेवून आत गॅस्ट्रोपब काढला तर त्या दर्जाने अडत नाही.

तिसरं, वापराचा वर्ग. इथे २०१८ च्या स्थिरतेचं एक कारण आहे. मे २०१७ पर्यंत पबचं दुकान किंवा उपाहारगृह करायला, किंवा पब पाडायलासुद्धा, बहुतेक ठिकाणी नियोजनाची परवानगीच लागत नव्हती. सुपरमार्केटच्या छोट्या शाखा अशाच वाढल्या. २३ मे २०१७ ला ती मोकळीक काढली. सप्टेंबर २०२० पासून पब हा स्वतंत्र वर्ग आहे, त्याचं काहीही करायला अर्ज लागतो. पण गे पबचा साधा पब करायला आजही काही लागत नाही.

खडूस_ग्राहक

म्हणजे कायद्याच्या लेखी गे बार नावाची चीज नाहीच.

नकाशावाला

एक अपवाद आहे, जॉइनर्स आर्म्स. हॅकनी रोडवरचा पब, जानेवारी २०१५ ला बंद. बिल्डरला वर फ्लॅट, खाली व्यावसायिक जागा बांधायची होती. फ्रेंड्स ऑफ द जॉइनर्स आर्म्स हा गट अडून बसला. २०१७ मध्ये टॉवर हॅम्लेट्स नगरपालिकेने मंजुरीला अट जोडली की नव्या इमारतीत एलजीबीटी पब हवा, २५ वर्षांच्या लीजवर, आणि पहिला नकाराधिकार या गटाला. नियोजनाच्या करारात गिऱ्हाइकांची ओळख लिहिली गेली ती ब्रिटनमध्ये पहिल्यांदा.

आणि पुढे? अट मंजुरीला बांधलेली असते. बिल्डरने बांधलंच नाही, तर अट नुसती कागदावर. मंजुरी साधारण तीन वर्षांत काम सुरू न केल्यास मरते. जागा विकली, नवा मालक नवा अर्ज घेऊन आला की घासाघीस पुन्हा पहिल्यापासून. गटाने पुढे सामुदायिक शेअर विकून एक लाख पौंडांहून जास्त उभे केले आणि दुसरीकडे जागा शोधायला लागला. लंडनमध्ये पबची जागा घ्यायची तर ही रक्कम म्हणजे अनामत, सजावट आणि पहिल्या काही महिन्यांचा श्वास. विकत घ्यायचं नावच नको.

अशी अट घालून घेणाऱ्यांनी करारात चार गोष्टी आग्रहाने लिहाव्यात. जागेचं किमान क्षेत्रफळ. बंद करायची वेळ (जुन्या पबला उशिराचा परवाना होता, नव्याला अकरा दिले तर तो जुना पब नव्हेच). सजावटीच्या खर्चात बिल्डरचा वाटा. आणि वरच्या फ्लॅटमध्ये पहिलं कुटुंब राहायला येण्याआधी पब तयार असला पाहिजे. ही शेवटची सुटली की बाकी तीन हवेत.

मधुरा_क

वर फ्लॅट, खाली ड्रॅग शो. तक्रारी नाही येणार?

शिलेदार_यूके

येतात, आणि फ्लॅट नंतर बांधले असले तरी परवान्याच्या फेरतपासणीत त्या तक्रारी मोजल्या जातात. त्यासाठी "बदल करणाऱ्याने निस्तरावं" हे तत्त्व आलं. राष्ट्रीय धोरणात जुलै २०१८ मध्ये, लंडन प्लॅनमध्ये २०२१ ला. नव्या इमारतीने जुन्या क्लबचा आवाज गृहीत धरून आपल्या भिंती-खिडक्या करायच्या, खर्च तिचा.

प्रत्यक्षात काय मागायचं? ध्वनी-अहवाल शनिवारी मध्यरात्रीनंतर मोजलेला हवा. बिल्डरचा सल्लागार मंगळवारी दुपारी मोजून जातो. बेसच्या खालच्या कंपनसंख्या वेगळ्या दाखवायला लावा, कारण सरासरी डेसिबलमध्ये बेस लपतो आणि झोपमोड बेसच करतो. खिडक्या बंद ठेवायच्या तर हवा खेळती राहायची यांत्रिक सोय हवी, नाहीतर उन्हाळ्यात लोक खिडक्या उघडतात आणि सगळी गणितं कोसळतात.

सगळ्यात भक्कम उपाय लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंड या नाइटक्लबने २०१३-१४ मध्ये केला. समोर एकेचाळीस मजली टॉवर येत होता. त्यांनी बिल्डरकडून आवाजाचा सुविधाधिकार नोंदवून घेतला, म्हणजे क्लबचा ठरलेल्या पातळीचा आवाज त्या जमिनीवरून जायचा हक्क. फ्लॅट घेणाऱ्याच्या कागदांत तो येतो. वकिलाचा खर्च मोठा आहे, छोट्या बारला परवडत नाही. म्हणून नगरपालिकेने तो मंजुरीचीच अट करावी, असं मागायचं.

बे_एरियातला_बाळू

सॅन फ्रान्सिस्कोचं थोडं. साउथ ऑफ मार्केटमध्ये फोल्सम स्ट्रीटवर लेदर बार (चामड्याचे पोशाख घालणाऱ्या गे पुरुषांचे) होते. १९८४ ला सुरू झालेली फोल्सम स्ट्रीट फेअर आज लोक पोशाखांसाठी ओळखतात. ती काढली होती पुनर्विकासाविरुद्ध लढणाऱ्या घरबचाववाल्यांनी, "ही वस्ती ओसाड नाही" हे दाखवायला. त्याच वर्षी शहराने एड्सच्या साथीत बाथहाउसवर, म्हणजे गे पुरुष भेटत त्या स्नानगृहांवर, कारवाई केली. रस्त्याची रात्रीची वर्दळ तुटली.

शहराने २०१५ ला वारसा-व्यवसायांची नोंदवही आणली. ३० वर्षं चाललेला धंदा पात्र, विस्थापनाचा धोका असेल तर २० वर्षांचाही. हुशारी मालकाला दिलेल्या आमिषात आहे. मालकाने किमान १० वर्षांची लीज दिली तर त्याला वर्षाला चौरस फुटामागे साडेचार डॉलरपर्यंत अनुदान, पाच हजार चौरस फुटांच्या मर्यादेत, असं तेव्हा ठरलं. लंडनमध्ये मालकाला फक्त अडवतात, इथे त्याला थोडं विकत घेतात.

पुरतं का? द स्टड हा १९६६ चा बार. २०१६ ला इमारत विकली गेली, भाडं अडीच पटीच्या आसपास गेलं. कर्मचारी, कलाकार, गिऱ्हाईक यांनी सहकारी संस्था काढून बार घेतला. मे २०२० मध्ये कोविडात जागा सोडली. एप्रिल २०२४ ला फोल्सम स्ट्रीटवर नव्या जागेत उघडला. चार वर्षं जागेविना जगला, कारण भाडं चालू ठेवलं नाही, संस्था आणि नाव तेवढं जिवंत ठेवलं. भैरवीताईंच्या क्लब कालीचंच तर्कशास्त्र, फक्त कागदोपत्री नोंदवलेलं.

मधुरा_क

मुंबईत याला समांतर काय?

भैरवी

वस्ती म्हणावी असं कधी नव्हतंच, त्यामुळे ऱ्हासही मोजता येत नाही. नव्वदच्या दशकात कुलाब्याच्या वूडू क्लबची शनिवारची रात्र होती, गोकुळ बारमधली काही टेबलं होती. १९९८ पासून गे बॉम्बे या गटाच्या पार्ट्या भाड्याच्या जागांत. कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानंतर बड्या हॉटेलांतल्या क्लबांनी उघडपणे रात्री ठेवल्या, पण त्या प्रवेशशुल्काच्या आणि ओला-उबरच्या. विरारहून लोकलने येणाऱ्याला शेवटची गाडी आधी दिसते. जतन करायला इमारतच नसल्याने तिकडची तिन्ही हत्यारं इथे निरुपयोगी. आयोजकांची यादी, तारखांची नोंद, हॉलशी वर्षभराचा लेखी करार, हे तरी करून ठेवावं.

तळमजला

शेवटची शंका. सामुदायिक मालमत्तेच्या यादीतली जागा मालकाने विकलीच नाही, पण जागा ज्या कंपनीच्या नावे आहे ती कंपनीच विकली तर?

शिलेदार_यूके

तर सहा आठवडेही नाहीत आणि सहा महिनेही नाहीत. शेअरची विक्री म्हणजे मालमत्तेची विक्री नव्हे, कळवायची गरज नाही. जमिनीच्या नोंदीवर मालक तोच दिसत राहतो. म्हणून फक्त जमीन नोंदणीवर नजर ठेवून उपयोग नाही. कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं पान "फॉलो" करा, फुकट आहे. नवे संचालक, नियंत्रण असलेल्या व्यक्तीतला बदल आणि नवं तारण नोंदलं की मेल येतो. नवं तारण दिसलं तर समजा, कुणीतरी बांधकामासाठी कर्ज काढलंय. नियोजनाचा अर्ज मागोमाग येईल. हरकतींसाठी मिळतात साधारण २१ दिवस, तेव्हा मसुदा आधीच तयार ठेवा.